ब्रेकेजचं रजिस्टर

लॅबचा चार्ज माझ्याकडे आला तो जून महिन्यात, आणि तोही आधीच्या मॅडमना कम्युनिटीचं, म्हणजे गाव-वस्तीतल्या आरोग्याचं काम दिलं म्हणून. चार्ज म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, स्टॉक रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही. वहीवर मार्करने ठळक लिहिलेलं होतं, ‘ब्रेकेज’. आत रकाने आखलेले: तारीख, वस्तू, फोडणारीचं नाव, रक्कम, वसूल झाल्याची सही. थर्मामीटर १५० रुपये, टेस्ट ट्यूब २०, मेजर ग्लास ६०. मी स्वतः विद्यार्थिनी असताना असे पैसे भरले होते, त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट मागच्या वर्षाची पानं चाळली तर थर्मामीटर फुटल्याच्या फक्त चार नोंदी. म्हटलं, आपल्या मुली बऱ्याच सांभाळून वागतात!

आमचं नर्सिंग स्कूल ठाण्यात, वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला. इमारत जुनी. पावसाळ्यात लॅबच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल येते आणि पलंगावरच्या डमीच्या केसांना कुबट वास सुटतो. तीन वर्षांचा जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा कोर्स. मुली बहुतेक शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या गावांतून आलेल्या, निम्म्या हॉस्टेलवर. त्यांच्यासाठी १५० रुपये म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मीही एसटीच्या भाड्याचे सुटे पैसे मोजत शिकले आहे. पण टेबलाच्या अलीकडे बसलं की पलीकडचं विसरायला होतं.

गणपतीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या मुलींचा इंट्रामस्क्युलर, म्हणजे स्नायूत द्यायच्या इंजेक्शनचा रिटर्न डेमो चालू होता; आम्ही दाखवलेलं मुलींनी करून दाखवायचं. डेमो गुरुवारी झाला. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मुरबाडकडची एक मुलगी लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना. डाव्या हाताची तर्जनी मुठीत धरलेली. मी म्हटलं, “अगं, ये ना, काय झालं?” तर म्हणाली, “मॅम, गुरुवारी सुई लागली होती. जास्त नाही. पण सीनियर दीदी म्हणाल्या की सांग.”

टोपण परत बसवताना लागली होती. ‘वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही’ हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहितो, परीक्षेत विचारतो, त्याला मार्क देतो. आणि लॅबमध्ये? एकच सुई दहा जणींनी स्पंजच्या पॅडवर टोचायची असते, मग पुढचीच्या हातात देताना ती टोपण लावूनच देणार. आम्हीच तशी व्यवस्था केलेली होती. वर्षभर आम्ही तिच्या हाताला एक सवय लावत होतो आणि तोंडाला दुसरी.

इथवर ठीक होतं. स्पंजला टोचलेली सुई, फार तर टिटॅनसचं इंजेक्शन बघावं. पण मी ट्रे कुठला ते विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तो ट्रे बुधवारी दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी वापरला होता. त्यांनी एकमेकींच्या हातातून रक्त काढायचा सराव केला होता. आठ जणी. ट्यूटर समोर, सगळ्या राजीखुशीने. ही आमच्याकडची जुनी पद्धत, कित्येक ठिकाणची असावी. नंतर ट्रे आवरला होता, पण एक-दोन सुया टोपणं लावून किडनीच्या आकाराच्या ट्रेमध्ये तशाच राहिल्या होत्या. तिला लागली ती स्पंजची होती की शिरेची, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

मुलींकडून आम्ही एक आकडेवारी पाठ करून घेतो. सुईतून लागण होण्याची शक्यता ढोबळमानाने लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत, सीची ३, एचआयव्हीची ०.३. तीस, तीन, शून्य पूर्णांक तीन. पाठ करायला सोपं. त्या सकाळी मी मात्र घड्याळ बघत होते. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्य तर दोन तासांत, फार फार तर ७२ तासांत सुरू करायची असतात, आणि ती २८ दिवस चालतात. गुरुवारी अकरा ते शनिवारी दहा. सत्तेचाळीस तास गेले होते.

आम्ही रिक्षाने सरकारी रुग्णालयात गेलो. तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकलो तेव्हा ती हळूच म्हणाली, “मॅम, याचे किती भरायचे?” मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सुई वाकली होती म्हणून ती ब्रेकेजचे पैसे विचारत होती.

डॉक्टरांनी जखम पाहिली आणि लागल्यावर काय केलं ते विचारलं. तिने बोट दाबदाबून रक्त काढलं होतं आणि वरून स्पिरिट चोळलं होतं. दोन्ही करायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, बस. लगेच औषधं सुरू केली, रक्त तपासायला घेतलं, पुन्हा सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. हेपॅटायटिस बीच्या तीन डोसांपैकी तिचे दोन झाले होते. तिसरा सहाव्या महिन्याला असतो, त्याला अजून वेळ होता.

मग राहिल्या त्या आठ जणी. त्यांची तपासणी केली तर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला असता. पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. आम्ही प्रत्येकीला वेगळं बसवून विचारलं. सात जणी लगेच तयार झाल्या. आठवी नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. स्टाफ रूममध्ये त्यावरून बरीच कुजबुज झाली. मला स्वतःलाही तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवसांनी ती आपणहून आली आणि तयार आहे म्हणाली. सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, डॉक्टरांनी औषधं थांबवली. पण त्या काही दिवसांत मुरबाडच्या मुलीला गोळ्यांनी मळमळत होतं आणि तिने घरी ‘ॲसिडिटी’ म्हणून सांगितलं होतं. तेही आम्हाला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात एका रात्री शेजारचे काका आमच्याकडे बसले होते. त्यांची नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात गेली, शेवटची पंधरा वर्षं सेफ्टी खात्यात. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ग्लोव्ह्ज आणि गॉगलबद्दल बोलतील. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे वर्षात किती वेळा सुई लागते?” म्हटलं, “ही पहिलीच.” काका हसले. “पहिली लागली नाही गं, पहिली सांगितली.”

मग त्यांनी हाइनरिकची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेत विमा कंपनीत काम करणारा माणूस. १९३१ साली त्याने मांडलं की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेले ३०० प्रसंग असतात. हे नेमके आकडे आज सगळे मानत नाहीत, ते काकांनीही सांगितलं. “आकडा सोड. तीनशेपैकी तुझ्याकडे किती लिहिलेत ते बघ.”

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरं घेऊन बसले. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक थर्मामीटर १०, वर्षभरात खरेदी २४, एकूण ३४. ब्रेकेजच्या वहीत फुटलेले ४. कपाटात सापडले ९. बाकी २१ थर्मामीटर कुठे गेले? कोणी चोरले तर नव्हते, पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन काय करणार. ते फुटले होते आणि मुलींनी ते लपवले होते.

रविवारी मी, लॅबच्या मावशी आणि दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलींनी मिळून लॅब उघडली. आधी त्या तिघींना शब्द दिला की आज जे सापडेल त्याचं नाव-गाव विचारणार नाही. त्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सरळ खिडकीखालच्या तिसऱ्या ड्रॉवरकडे गेल्या. ड्रॉवरमध्ये तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं. ते उचललं तर खाली काचेचे तुकडे, आणि मी टॉर्च तिरपा धरला तशी फटीत चांदीसारखी बारीक टिंबं चमकली. एका थर्मामीटरमध्ये जेमतेम ग्रॅमभर पारा असतो, पण तो साध्या खोलीच्या तापमानाला हळूहळू वाफ होत राहतो. त्या ड्रॉवरसमोर बसून मुली दोन-दोन तास ट्रे लावायचा सराव करत होत्या, डोक्यावर पंखा फिरत होता.

पारा उचलणं हे एक वेगळंच काम आहे. पंखा बंद, खिडक्या उघड्या. झाडू लावायचा नाही, कारण झाडूने एका थेंबाचे शंभर होतात. व्हॅक्युम क्लीनर तर नाहीच. अंगावरचं सोनं काढायचं, पारा सोन्याला धरतो. मी अंगठी काढली आणि मंगळसूत्र उतरवून पर्समध्ये ठेवलं. मावशींनी मात्र ते काढायला साफ नकार दिला, ब्लाउजच्या आत खोचलं आणि लांबून सूचना करत राहिल्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कडांनी थेंब एकत्र लोटले, ड्रॉपरने ओढले, राहिलेली टिंबं चिकटपट्टीने उचलली. फटीत गंधकाची पूड टाकली. ती मी आदल्या दिवशी जांभळी नाक्यावरून आणली होती, दुकानदाराने “खरजेला का?” म्हणून विचारलं होतं. गोळा झालेला पारा जाड बाटलीत, वर पाणी, झाकण घट्ट.

तो सगळा रविवार तसाच गेला. बाथरूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर दोन थर्मामीटर, कुंडीत एक, अभ्यासिकेच्या जुन्या पंख्याच्या खोक्यात चार. मुली हसत होत्या. मला हसू येत नव्हतं. जपानमधल्या मिनामाताची गोष्ट आम्ही शिकवतो. तिथल्या कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला होता. त्या गावाच्या नावाचा करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला. आणि आम्ही १५० रुपयांसाठी पारा मुलींच्या ड्रॉवरमध्ये साठवत होतो.

त्या दिवशी अजून एक गोष्ट कळली, ती मला पाऱ्यापेक्षा जास्त लागली. हिमोग्लोबिन तपासायची साहलीची जुनी पद्धत आम्ही अजून दाखवतो. बोटाला टोचायचं, बारीक पिपेटमध्ये २० मायक्रोलिटर रक्त ओढायचं, ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सोडायचं आणि रंग जुळवायचा. रक्त ओढायचं ते पिपेटच्या रबरी नळीतून, तोंडाने. मी आवरता आवरता सहज विचारलं, “कधी तोंडात गेलंय का गं?” तिघींपैकी दोघी म्हणाल्या, हो. एक तर सहज म्हणाली, “आलं होतं मॅम, थुंकले.” मैत्रिणीचं रक्त. मी हीच पद्धत अशीच शिकले, अशीच शिकवली आणि नळीचं टोक स्पिरिटने पुसलं की झालं असं मानत आले. सोमवारी त्या सगळ्या नळ्या कात्रीने कापून टाकल्या.

मग प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. मॅडम माणूस चांगल्या, पण संस्थेचे ट्रस्टी हिशेबाचे पक्के. मी ब्रेकेजची वही समोर ठेवली. पाच वर्षांत मिळून वसूल झाले होते ६,४०० रुपये. म्हटलं, एवढ्यासाठी आपण मुलींना खोटं बोलायला शिकवतोय. ब्रेकेज बंद करा. त्या म्हणाल्या, मग फोडाफोडी वाढेल. मी म्हटलं, वाढणार नाही, दिसेल. हे मी काकांकडून उसनं घेतलेलं वाक्य होतं, पण लागू पडलं.

खरा वाद झाला तो एकमेकींचं रक्त काढण्यावरून. आमच्या एक ज्येष्ठ ट्यूटर आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांच्या हाताला लहान बाळाची शीर डोळे झाकून सापडते. त्या म्हणाल्या, “आम्ही असंच शिकलो. रबराच्या हाताला शीर कळत नाही. उद्या या मुली वॉर्डात पेशंटला चार वेळा टोचतील, तेव्हा तुमची सेफ्टी कुठे जाईल?” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सरावाच्या हाताची शीर सायकलच्या ट्यूबसारखी असते, जागची हलत नाही. माणसाची शीर निसटते. शेवटी ठरलं ते असं: लॅबमध्ये माणसाला टोचणं पूर्ण बंद, सरावासाठी रबरी हात, लाल रंगाचं पाणी, आणि खऱ्या शिरेवरचा पहिला हात वॉर्डमध्ये, ज्येष्ठ ट्यूटर शेजारी उभ्या असताना, रुग्णाला सांगून. ‘शेजारी उभ्या असताना’ हे कलम त्यांनी स्वतः घातलं आणि आजवर पाळलं.

सुयांचं मात्र झटकन झालं, कारण तिथे वादाला जागा नव्हती. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत शैक्षणिक संस्था हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. आम्ही मात्र ‘डमीला टोचलेली सुई म्हणजे काही हॉस्पिटलचा कचरा नव्हे’ असं धरून सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरत होतो, आणि ती बाटली पालिकेच्या घंटागाडीत जात होती. गाडीवरच्या माणसाने ती हातात धरली असेल तर? मी पांढरे, न भोसकले जाणारे डबे मागवले. आता प्रत्येक ट्रेच्या उजव्या हाताला डबा असतो. टोचलं की सुई थेट डब्यात, टोपण नाही. सुईविना सिरिंज लाल पिशवीत, कापूस पिवळ्या, फुटलेली ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी, निळ्या खुणेच्या डब्यात. दहा जणींत एक सुई बंद, प्रत्येकीला वेगळी. खर्च वाढला. ट्रस्टींनी दोन महिने बिल अडवून धरलं होतं.

डबे आले आणि वहीही आली. साधी दोनशे पानी. मुलींनीच तिला नाव दिलं, ‘थोडक्यात’. म्हणजे थोडक्यात वाचलो. नियम एवढाच की जे झालं किंवा होता होता राहिलं ते लिहायचं, नाव लिहिलं नाही तरी चालेल. पहिले तीन आठवडे वही कोरी. मुली तिच्याकडे पोलीस चौकीकडे बघावं तसं बघायच्या. मग एकदा मी डेमो देताना ॲम्प्युल फोडली ती गॉज न घेता, आणि अंगठ्याला चरा पडला. वर्गासमोर. मी तिथेच वही मागवली आणि पहिली नोंद केली: ‘घाई केली. गॉज घेतला नाही. अंगठा कापला.’ खाली सही. त्या आठवड्यात सहा नोंदी आल्या.

काही अजून माझ्या लक्षात आहेत. ‘स्पिरिट लॅम्प फुंकून विझवला, ज्योत हातावर आली.’ तो ज्योतीवर टोपण ठेवून विझवायचा असतो. ‘बेनेडिक्ट टेस्टला (लघवीतली साखर तपासताना) नळीचं तोंड हिच्याकडे होतं, उकळून बाहेर आलं, ॲप्रनवर पडलं.’ ‘बेडचं हँडल आत ढकललं नव्हतं, नडगीला लागलं.’ हँडलची नोंद तीन महिन्यांत पाच वेळा आली आणि पाचही वेळा त्याच एका बेडवर. त्याची दांडी वाकलेली होती, आत जायचीच नाही. आम्ही मुलींना ‘लक्ष कुठे असतं तुमचं’ म्हणत होतो. वेल्डरने ती वीस मिनिटांत सरळ करून दिली.

मावशींची नोंद मात्र मीच लिहिली, त्या सांगत गेल्या. लॅब पुसायला आम्ही हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरतो, ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाणी चार भाग घेतलं की १ टक्का होतो. मावशींना वाटलं, डाग निघत नाही तर त्यात संडास साफ करायचं ॲसिड थोडं घालावं. बादलीतून वास आला, घसा धरला, डोळ्यांतून पाणी. शहाणपणाने त्या बादली सोडून बाहेर पळाल्या आणि दार उघडं टाकलं. काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तो क्लोरीन. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. तुझ्या मावशींना म्हणावं, पळाल्या ते बरं केलं.” आता ॲसिडची बाटली लॅबच्या मजल्यावर येतच नाही. सूचनेचा कागद आम्ही आधीही लावला होता, पण मावशींना वाचायला त्रास होतो हे त्या नोंदीपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि एक नोंद अशी होती की वाचून मी खुर्चीत बसले. सरावासाठी आम्ही औषधांच्या रिकाम्या व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्यांत, नळाचं पाणी भरतो. मूळ लेबल तसंच. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सकाळी लॅब आटोपून घाईत वॉर्डच्या पोस्टिंगला गेली, ॲप्रनच्या खिशात तशी एक व्हायल राहिली. वॉर्डात तिने खिसा रिकामा करताना ती औषधांच्या ट्रॉलीवर ठेवली. स्टाफ सिस्टरने उचलून पाहिली, सील नाही म्हणून बाजूला केली आणि हिला चांगलंच झापलं. मुलीने ते वहीत लिहिलं, नावासकट. तिने लिहिलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

असं खरोखर घडलेलं आहे. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत प्रशिक्षणासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाइनच्या पिशव्या दवाखान्यांत पोचल्या आणि चाळीसहून जास्त रुग्णांना लावल्या गेल्या. कित्येकांना थंडी वाजून ताप आला. पिशव्या दिसायला खऱ्यासारख्या होत्या, कारण सरावाला तशाच लागतात. आम्ही त्याच दिवशी सगळी लेबलं खरवडून काढली. आता लॅबमधल्या प्रत्येक व्हायलला, बाटलीला लाल पट्टी आहे, ‘फक्त सरावासाठी’. आणि लॅबमधून बाहेर पडताना दारातल्या टेबलावर खिसे रिकामे करायचे. पहिले काही दिवस त्या टेबलावर काय काय निघालं! कात्र्या, लिपस्टिक, चिंचेच्या गोळ्या, एक घरचा चमचा.

बाकीचं पटापट सांगते. न्यूट्रिशन लॅबमधल्या गॅसच्या नळीची मुदत संपली होती, बदलली. ऑक्सिजनचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला. नव्या मुलींना हेपॅटायटिस बीची लस ०, १, ६ महिन्यांनी आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, हे आता प्रवेशाच्या कागदांसोबतच होतं. डोळे धुवायचा फवारा बसवला, पण त्याला पाण्याचा दाब पुरत नाही, तो तसाच आहे. पोस्टर खूप छापली. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही असं माझं मत आहे.

त्या वर्षअखेर मी पुन्हा हिशेब केला. आता डिजिटल थर्मामीटर आहेत, पण बीपीची पाऱ्याची यंत्रं दोन शिल्लक होती. एकेका यंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा, म्हणजे ड्रॉवरमधल्या सगळ्याच्या कितीतरी पट. तीही काढून पारा नसलेली, तबकडीची अ‍ॅनेरॉइड घेतली. तुटफुटीच्या नोंदी त्या वर्षी ३८ झाल्या. ट्रस्टींनी आकडा पाहिला आणि विचारलं, “चारच्या अडतीस? हे सुधारणा म्हणताय?” प्रिन्सिपल मॅडमनी माझ्याकडे न बघता स्टॉक रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “या वर्षी गायब काही नाही.”

ती ड्रॉवरमधल्या पाऱ्याची बाटली आणि बीपीची दोन यंत्रं अजून माझ्या कपाटात कुलपात आहेत. कचऱ्याची गाडी पारा घेत नाही. ज्यांना फोन केला ते एवढ्याशा मालासाठी ठाण्यापर्यंत येत नाहीत. काका म्हणतात, त्यांच्या ओळखीत कोणी आहे, विचारतो. दर महिन्याला मी कपाट उघडून बाटलीतलं पाणी कमी झालं आहे का ते बघते, झाकण घट्ट आहे का ते बघते आणि ‘थोडक्यात’च्या वहीत एक ओळ लिहिते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षात गेलेली ती मुरबाडची मुलगी शेजारी उभी होती. मी पेन शोधत होते, तर तिने स्वतःचं दिलं आणि म्हणाली, “मॅम, हातातली अंगठी काढा आधी.”